राहणारा

छपराचं गवत बदलताना सापडली ती.
कुवाबारा बाईंच्या सासऱ्यांनी
युद्ध हरल्याच्या वर्षी, सैनिक घरोघर तलवारी गोळा करत होते तेव्हा
आढ्याजवळ खुपसून ठेवली
आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.
चुलीच्या धुरानं ती राखली.
अजून वास येतो, सरपणाचा, भाजल्या मासळीचा.

बाईंनी जुन्या कमरपट्ट्यात गुंडाळून आणली,
माझ्या चटईवर ठेवली, आणि म्हणाल्या,
"कुणी केली तेवढं सांगा. नाव असलं की किंमत येते."

मूठ काढली. बांबूची खुंटी
दोन टोल्यांत निघाली, म्हाताऱ्या दातासारखी.
आत मुठीतलं लोखंड, ज्याचा गंज आम्ही कधीच पुसत नाही.
तळव्याएवढ्या त्या काळोखावर
छिन्नीनं कोरलेलं:
बिझेन प्रांती राहणारा

आणि तिथेच लोखंड संपलं.

मूळची लांब असणार. मग कुणा तांदळाच्या व्यापाऱ्यानं घेतली असेल;
व्यापाऱ्यानं लांब तलवार बाळगायची नाही असा तेव्हा कायदा.
पातं कापायचं नसतं, म्हणून बुडखा कापला.
एक घाव, दोन तुकडे:
पत्ता इकडे राहिला,
नाव भंगारात गेलं. खिळे झाले असतील त्याचे,
किंवा एखाद्या बैलाचा नाल.

बावीस दिवस मी तुझ्यासोबत बसलो, राहणाऱ्या.
उजव्या टाचेखाली लाकूड, बादलीत सोडा घातलेलं पाणी,
दगडामागून दगड, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ.
शेवटचे तर नखाएवढे,
अंगठ्याखाली धरायचे, बोलायचं नाही.
माझ्या अंगठ्यावर आता रेषाच नाहीत.
पासपोर्टवाल्यानं तीनदा दाबून पाहिला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच कुठे राहत नसेन.

अठराव्या दिवशी धुकं वर आलं,
धारेलगत पांढरी लाट, तू पाजलेलं पाणी.
सरळ, संथ, कुठे मिरवणं नाही.
मनात म्हटलं, सावध माणूस. कर्ज न काढणारा.
आणि मग टोकापासून चार बोटांवर
लाटेच्या बाहेर एक एकटा ठिपका,
तिळाएवढा.

तिथली माती निसटली होती.
पाणी द्यायच्या आधी पात्यावर लिंपतात ती,
कोळशाची पूड, दगडाची पूड, तुझं काहीतरी गुपित.
रात्रीची वेळ, दिवे मालवलेले
लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून.
काय झालं तेव्हा?
शिंक आली? भाता ओढणाऱ्या पोरानं काही विचारलं?
की घरातून कुणी हाक मारली, आणि तुझा हात
एका श्वासापुरता हलला,
आणि ते हलणं
सहाशे वर्षं कडक होऊन बसलं?

मोडून पुन्हा करू शकला असतास.
केलं नाहीस. मला वाटतं तू तो ठिपका पाहिलास,
"असू दे" म्हणालास आणि जेवायला गेलास.
हे खरं आहे असं मी म्हणत नाही.
एवढंच, की नाव असतं
तर मी तुझा इतका विचार केला नसता.

आम्ही घासणारे नाव लिहीत नाही.
पात्याच्या मुळाशी, पितळी कड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी,
पोलादी सुईनं बारीक रेघा ओढतो.
माझ्या सात. माझ्या गुरूच्या नऊ होत्या.
या खेपेला सहा ओढल्या आणि थांबलो.
का, ते विचारू नका; सुई जड झाली होती.

बाई आल्या. मी वाचून दाखवलं.
"बिझेनला राहणारा."
"पुढे?"
"पुढे नाही."

त्या बराच वेळ त्या काळोखाकडे बघत राहिल्या,
मग पर्समध्ये चष्मा ठेवत म्हणाल्या,
"बिझेन म्हणजे काही लांब नाही हो.
इथून बस जाते."